लेहला एकच जागा

आमच्या स्पृहाला बर्फावरची हॉकी खेळायला लेहला पाठवायचं की शेवंतामावशींच्या चैत्रालीला, हा प्रश्न त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर लालबागमधल्या आमच्या अर्ध्या गल्लीला पडला होता. उरलेल्या अर्ध्या गल्लीला लेह नक्की कुठे आलं हा प्रश्न पडला होता.

दोघी तेरा वर्षांच्या, एका शाळेतल्या, एका बाकावरच्या. लहान असताना सुट्टीत दोघी मिळून आमच्या चाळीच्या गॅलरीच्या कठड्यावरून चालायला लागल्या, तेव्हा घाबरून आम्ही त्यांना दादरला स्केटिंगच्या शिबिरात घातलं. निदान पडल्या तर जमिनीवर पडतील, एवढाच हिशेब. तिथल्या हेरंब सरांनी त्यांच्या हातात स्टिक दिल्या आणि पुढचं सगळं आपोआप होत गेलं. चाकांचे बूट घालून सिमेंटवर खेळायची ही हॉकी. चेंडूऐवजी रबराची काळी चकती, तिला पक म्हणायचं. बर्फावरची हॉकी हीच, फक्त बुटाखाली चाकांच्या जागी पातं. बर्फ तेवढा आमच्याकडे नव्हता.

दोघी डिफेन्समध्ये, म्हणजे गोलच्या पुढ्यात राहून समोरून येणाऱ्यांना अडवायचं काम. डिफेन्सला एका वेळी दोघी असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. चैत्राली डावी, स्पृहा उजवी. सात वर्षांत यात बदल झाला नाही. मग एक दिवस हेरंब सरांनी सांगितलं की जानेवारीत राज्यातल्या मुलींचा संघ लेहला जाणार, गोठलेल्या तळ्यावर खेळणार, आणि त्यात आपल्या क्लबमधून डिफेन्सला एक मुलगी घेणार. दिवाळीनंतरच्या रविवारी पुण्याहून एक मॅडम बघायला येतील. सर आठवडाभर विम्याच्या पॉलिस्या विकतात, त्यामुळे कुठलीही वाईट बातमी ते चांगल्या बातमीच्या वेष्टनात देतात. "आपल्याला जागा मिळाली" असं ते म्हणाले. एकच मिळाली हे आम्हाला घरी आल्यावर कळलं.

त्या दिवसापासून तुलना सुरू झाली.

मी स्वतः या विषयात जी काही तयार झाले ती मैदानाच्या पायऱ्यांवर बसून, मोबाइलवर. मुली सराव करायच्या आणि मी बघत बसायची की जगात हे लोक काय करतात. तर कळलं की स्वीडन, फिनलंड, कॅनडा इथली मोठमोठी, पोटं सुटलेली माणसं दिवसदिवस याच उद्योगात असतात. अठरा वर्षांची दोन पोरं घ्यायची, दोघंही डिफेन्सची, आणि दोघांची तुलना करायची. हा मागे जाताना गुडघा किती वाकवतो, तो पहिला पास किती लवकर देतो, गेल्या वर्षी हा पुढे होता, या वर्षी तो. त्यातलं एक मला फार पटलं. पुढे खेळणारी मुलं लवकर दिसतात, गोल मारले की दिसलीच. डिफेन्सवाली उशिरा पिकतात. आढीतल्या आंब्यासारखी. त्यांना रोज दाबून बघू नये, डाग पडतो. हे वाचलं, पटलं, आणि मी दोघींना रोज दाबून बघायला लागले.

स्पृहाचं असं होतं की तिला मागे डोळे होते. उलटी स्केटिंग करत ती अशी मागे यायची की जणू कुणी दोरीने ओढतंय. जागा सोडायची नाही. समोरचीने कितीही हूल दिली तरी ही आपली समोर उभी, तिकीट तपासणाऱ्यासारखी. पण खात्री पटल्याशिवाय पकला हात लावायची नाही, आणि तिची खात्री पटेपर्यंत कधीकधी तो पक दुसरीकडे निघून गेलेला असायचा. चैत्रालीची गोष्ट वेगळी. ती पक दिसला की सुटायची. खांदा घातला, स्टिक घातली, दोघीतिघींच्या मधून पक काढला की पोचली थेट समोरच्या गोलपाशी. आणि तिच्या मागे जे मोकळं रान पडायचं, त्यात बैलगाडीसुद्धा वळवता आली असती. त्या रानात स्पृहा जाऊन उभी राहायची. कुणी तिला सांगितलं नव्हतं. बहुतेक तिला ते भोक दिसलं की अंगावर काटा येत असावा, उघडा राहिलेला नळ दिसल्यावर मला येतो तसा.

आता यातली सरस कोण? हेरंब सरांना विचारलं तर त्यांचं मत सरावागणिक बदलायचं. सोमवारी चैत्राली, गुरुवारी स्पृहा. गल्लीतल्या मंडळाचा कल्पेश, ज्याने हॉकी जन्मात बघितली नव्हती, तो आकाशकंदिलाला कागद चिकटवता चिकटवता ठामपणे सांगायचा की अंगात रग पाहिजे, चैत्रालीच. आणि माझा नवरा अजित, सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस, तो न्यायाचा एवढा पक्का की आपल्या मुलीच्या बाजूने चुकूनही शब्द जाऊ नये म्हणून जेवताना चैत्रालीचे गुण सांगत बसायचा. एकदा स्पृहा अर्धी पोळी टाकून उठली. मग मी त्याला सांगितलं की न्याय कचेरीत ठेवून येत जा.

मला काय हवं होतं ते मी सांगायला नकोच. मी आई आहे. दोघींची तुलना करताना माझ्या तराजूत बोट कुठे पडत होतं ते मला ठाऊक होतं.

शेवंतामावशी म्हणजे चैत्रालीची आजी. माझगावच्या कोळीवाड्यातल्या, लालबागच्या बाजारात त्यांचा मासळीचा पाटा. मुलगा बोटीवर, सून पहाटेपासून धक्क्यावर, त्यामुळे नातीचं सगळं मावशींकडे. मी पापलेट घ्यायला गेले की त्या हात चालवता चालवता विचारायच्या, मोबाइल काय बोलतो आज. मी सांगायची की डिफेन्सवाली मुलं उशिरा पिकतात. "मंग आताच कशाला तोडाया निघालेत?" असं म्हणून त्या पापलेटाचे पर छाटायच्या. एका जागेसाठी आपण दोघी समोरासमोर उभ्या आहोत हे त्यांना पुरतं कळत होतं. फक्त माझ्या पिशवीत कोळंबी पहिल्यासारखीच जास्तीची पडत होती, त्यामुळे मला जास्तच अपराधी वाटायचं.

खरी काळजी मुलींकडे बघून वाटायला लागली. त्या भांडत नव्हत्या. तेच तर. एरवी मैदानावर "ए म्हशी", "ए बोंबील", "डोळे घरी ठेवलेस काय" असा सतत जप चालायचा. आता स्पृहा म्हणायची, "तू घे ना." चैत्राली म्हणायची, "नको, तू घे." तेवढ्यात तिसरीच कुणी पक घेऊन जायची. एकदा स्पृहाने चक्क थँक्यू म्हटलं, तेव्हा हेरंब सर शिट्टी तोंडातून काढून माझ्याकडे आले आणि हळूच विचारलं, घरी काही झालंय का.

बर्फाची भानगड त्यातूनच निघाली. सरांनी कुठल्या तरी लडाखी मित्राकडून खऱ्या बर्फावरच्या बुटांचे दोन जोड मिळवले होते, पात्यांचे. निवडीआधी पोरींनी निदान एकदा तरी पात्यावर उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं. पण उभं राहायचं कशावर? मुंबईत बर्फाचं मैदान म्हणजे लांब कुठल्या तरी मॉलमधलं, तिथे वाढदिवसाची पोरं आणि ही गर्दी. सर हे सगळं बाजारात मावशींच्या पाट्यापुढे उभे राहून सांगत होते. मावशींनी आधी सरांकडे बघितलं, मग आपल्या पाट्याखालच्या पेटीकडे, जिच्यात सुरमई गळ्यापर्यंत बर्फात झोपली होती.

"बरफ नाय?" त्या म्हणाल्या. "मुंबईत बरफ नाय?"

पुढचं आमच्या मंडळाने हातात घेतलं, आणि आमच्या मंडळाने एखादी गोष्ट हातात घेतली की ती मूळ कामापेक्षा मोठी होते. गणपती, नवरात्र संपलेले, मंडपाची जागा मोकळी, कार्यकर्ते नुसते कंदील करून कंटाळलेले. कल्पेशने टेम्पो काढला. दिवाळीआधीच्या रविवारी सकाळी मावशींच्या ओळखीच्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आल्या, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या. ताडपत्री अंथरली, तिच्यावर भुसा, त्याच्यावर लाद्या, शेजारी शेजारी, फरशी बसवतात तशा. फटी बुजवायला चुरा. सगळं मिळून आमच्या दोन खोल्या होतील एवढं मैदान झालं. त्यावर सकाळचं ऊन पडलं तर ते एवढं चमकायला लागलं की वरच्या मजल्यांवरचे लोक दात घासता घासता कठड्याला आले आणि तिथेच थांबले.

आता स्केटिंग सुरू करावं की नाही? पण कल्पेश म्हणाला, नारळ फोडल्याशिवाय नाही. आमच्या गल्लीत नवीन पाण्याची मोटर बसली तरी नारळ फुटतो, मग बर्फाचं मैदान नारळाशिवाय कसं चालू होणार? त्याने हळदकुंकू वाहिलं, त्यामुळे बर्फ लगेच गुलाबी झाला. मग नारळ डोक्यावर नेला आणि दाणकन मधल्या लादीवर आपटला. नारळाला ओरखडासुद्धा आला नाही. लादी मात्र मधोमध दुभंगली, तिची चीर शेजारच्या लादीत गेली, तिथून पुढच्या. नारळ गुलाबी पाण्यातून गडगडत गेला आणि अजितच्या पायाशी थांबला.

मावशी पुढे झाल्या. बर्फ जातोय म्हटल्यावर हाताला जी सवय होती ती त्यांनी केली. मासळीच्या पेटीत बर्फावर खडेमीठ टाकतात, म्हणजे गारवा वाढतो. त्यांनी सुनेला हाक मारली, मीठ आणवलं आणि पसे भरभरून चिरांवर फेकलं. पेटीत झाकणाखाली ते ठीक असेल. उघड्यावर, उन्हात, त्या मिठाने आमच्या मैदानाला अशी छिद्रं पडायला लागली की हेरंब सर "मावशी, मावशी, मावशी" असं म्हणत त्याच्यावरून धावले आणि धावताना पडले. बर्फावर पहिला पडण्याचा मान प्रशिक्षकांचा.

मग घाईने दोघींना बूट चढवले. स्पृहा आधी गेली. सात वर्षांत मी तिला पडलेली फारशी बघितली नव्हती. ती एक पाऊल गेली, दुसरं पाऊल स्वतःच्या मनाने तिसरीकडे गेलं आणि ती धपकन बसली. तिच्या चेहऱ्यावर असा अविश्वास होता की जणू जमिनीने तिला फसवलं. चैत्राली तिला उठवायला म्हणून सुटली, नेहमीसारखी, आणि नेहमीसारखं थांबणं तिला जमलं नाही. ती स्पृहावरून पलीकडे गेली, ताडपत्रीवर, भुशात.

"डोळे घरी ठेवलेस काय गं, बोंबील?" स्पृहा बसल्या जागेवरून ओरडली.

वर कठड्याला सगळा मजला हसला. मीही हसले. कित्येक दिवसांत ऐकला नव्हता तो शब्द.

त्यानंतर दोघींनी शोधून काढलं की एकटं उभं राहता येत नाही. समोरासमोर उभं राहून एकमेकींच्या कोपरांना धरलं की येतं. एक पुढे ढकलते, एक मागे सरकते. अशा त्या गुलाबी, खारट, दुभंगलेल्या मैदानावर दोघी गोल गोल फिरल्या, एकमेकींना म्हैस आणि घोरपड म्हणत, आणि एवढ्या हसत होत्या की हसण्यानेच पुन्हा पडत होत्या. मग कुणी कुणाला आवरेना. कार्यकर्ते चप्पल घालून घसरायला लागले. अजित कुणाचं लक्ष नाही असं बघून एका टोकाला गेला, धोतराचा सोगा वर धरावा तशी लुंगी धरली आणि सरळ दुसऱ्या टोकाला घसरत आला, उभाच्या उभा, एखाद्या मंत्र्यासारखा गंभीर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मैदानाचं डबकं झालं तेव्हा मावशींनी चांगले राहिलेले तुकडे टोपलीत भरले आणि बाजारात नेले. सुरमईला त्या दिवशी हळदकुंकवाचा बर्फ मिळाला.

दिवाळी कशी गेली मला आठवत नाही. मग तो रविवार आला.

पुण्याच्या नूपुर मॅडम तिशीच्या असतील, स्वतः गोलकीपर होत्या म्हणे, आवाज शांत. त्यांनी सगळ्या मुलींचे दोन संघ केले, पिवळा आणि निळा. आणि तुलना नीट व्हावी म्हणून स्पृहाला पिवळ्यात टाकलं, चैत्रालीला निळ्यात. बरोबरच होतं. परदेशातली ती पोटं सुटलेली माणसंही तेच करतील. मी आणि मावशी पायऱ्यांवर शेजारी शेजारी बसलो. मी मनात देवाला सांगितलं की आज मला शेजारच्या बाईचा विचार करायला लावू नकोस.

खेळ सुरू झाला. पक स्पृहाकडे आला. तिने तो व्यवस्थित आपल्या गोलपासून बाजूला काढला, मान वर केली नाही. डावीकडून आवाज आला, "सोड गो." स्पृहाने सोडला. न बघता, सात वर्षं सोडत आली तसा, थेट स्टिकवर. डावीकडे उभी होती निळ्या संघाची चैत्राली. चैत्राली तो घेऊन सुटली आणि पिवळ्या गोलमध्ये मारून मोकळी झाली. मग थांबली, पिवळ्या गोलकडे बघितलं, स्पृहाकडे बघितलं, आणि दोघींचे चेहरे बघण्यासारखे झाले.

होतं एखाद्या वेळी, असं मी मावशींना म्हटलं. तर पुन्हा तेच झालं. "सोड गो", आणि हिने सोडला. तिसऱ्यांदा स्पृहाने स्वतःला आवरलं, पक धरून ठेवला, एवढा घट्ट की तिच्याच संघातल्या मुलीला तो तिच्याकडून हिसकावून घ्यावा लागला.

कहर पुढे झाला. चैत्राली सवयीने पक मिळवायला सुटली, पक निसटला आणि तिच्या मागे ते रान मोकळं पडलं. पिवळ्या संघाची एक मुलगी पक घेऊन त्यातून निघाली, समोर कुणी नाही, गोल ठरलेला. आणि माझी मुलगी, पिवळा शर्ट घातलेली, मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून वाऱ्यासारखी आली, चैत्रालीच्या जागेवर उलटी उभी राहिली आणि स्वतःच्या संघाच्या मुलीला तिने अडवलं. इतकं सुंदर अडवलं की काय सांगू. पक अलगद काढून घेतला, बाजूला नेला. पिवळी मुलगी रडकुंडीला आली. हेरंब सरांनी टोपी तोंडावर ओढली.

मॅडमनी शिट्टी मारली आणि शांतपणे विचारलं, "तू नक्की कुठल्या बाजूची आहेस?"

स्पृहाने खाली आपल्या शर्टाकडे बघितलं. खरोखर बघितलं, रंग कुठला आहे ते.

पायऱ्यांवर शेवंतामावशींना हसू आवरेना. त्या माझ्या मांडीवर थापा मारत होत्या आणि मी त्यांच्या. त्या भरात मला कळलं की ते भोक पडलं तेव्हा "स्पृहा, धाव" असं ओरडणारी बाई मीच होते. पिवळ्यांच्या विरुद्ध. म्हणजे जे पोरीला जमलं नाही ते मलाही जमलं नव्हतं.

मॅडमनी मग दोघींना एका बाजूला आणलं आणि शेवटची वीस मिनिटं तसंच खेळवलं. त्याबद्दल जास्त काय लिहू. चैत्राली सुटायची, स्पृहा भरायची, "सोड गो", "घे म्हशी", आणि त्या दोघींना ओलांडून एकही पक मागे गेला नाही. समोरच्या मुली शेवटी शेवटी प्रयत्नसुद्धा करत नव्हत्या. मला वाटलं, झालं. आता मॅडम दोघींना नेणार. मी मावशींचा हात धरला.

हेरंब सरांनी बोलायला सुरुवात केली. त्यांनी आपलं सगळं विम्याचं कसब पणाला लावलं. जोडी आहे, मॅडम, तोडून कसं चालेल, अशी जोडी राज्यात नाही. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. आम्ही जवळ गेलो होतो, मुलीही बूट सोडत जवळच बसल्या होत्या, आणि मॅडमनी त्यांच्यासमोरच सांगितलं. मला ते आवडलं, आडून काही नाही.

"सर, ही चैत्राली दोघींत जास्त जोरदार आहे. पण हिला उभी करायची तर शेजारी स्पृहाच लागते. आणि ही स्पृहा विरुद्ध संघाचीसुद्धा मागची बाजू सांभाळते. हिला मी कुणाही शेजारी उभी करू शकते. माझ्याकडे जागा एकच आहे."

मग चैत्रालीकडे वळून म्हणाल्या, "तू मागे बघायला शिक. पुढच्या वर्षी मी तुला बघायला पुन्हा येईन."

माझी पोर लेहला जाणार होती. गोठलेल्या तळ्यावर. आमच्या घराण्यात महाबळेश्वरच्या वर कुणी गेलं नव्हतं. मला नाचावंसं वाटत होतं, अजितला फोन करावासा वाटत होता, रस्त्यावरच्या गजरेवाल्याला सांगावंसं वाटत होतं. आणि शेजारी मावशी उभ्या होत्या. मी ओठ आत ओढून घेतले आणि चेहरा एवढा सपाट केला की बघणाऱ्याला वाटावं, इथे काही वाईट झालंय.

चैत्रालीने हेल्मेट काढलं नव्हतं. जाळीच्या आत तिचं काय चाललंय ते दिसत नव्हतं. बराच वेळ ती बुटाची नाडी सोडत बसली, जी आधीच सुटली होती. स्पृहा तिच्याकडे बघत होती.

मग हेल्मेटच्या आतून जरा जाड आवाज आला. "मॅडम, हिच्या शेजारी कोण खेळणार?"

मॅडम म्हणाल्या, माझ्याच क्लबची एक मुलगी आहे, आरोही. खूप छान खेळते.

"ओरडते का?"

मॅडमना प्रश्न कळला नाही. चैत्रालीने समजावून सांगितलं की ही स्पृहा तिची तिची खेळत नाही, हिला कुणीतरी ओरडायला लागतं, नाहीतर विचार करत बसते. ओरडणारी नसेल तर उपयोग नाही. तुम्ही तिला फोन लावा.

आणि मॅडमनी लावला. मला वाटतं त्यांनाही गंमत वाटायला लागली होती, किंवा जाळीच्या आतलं त्यांना दिसलं असेल. फोन स्पीकरवर टाकून त्यांनी चैत्रालीच्या हातात दिला. पलीकडून पुण्याच्या आरोहीचा गोड, स्वच्छ आवाज आला. चैत्रालीने स्वतःची ओळख दोन शब्दांत उरकली आणि सुरू केलं. हिच्या उजव्या बाजूने पास देऊ नकोस, डाव्याने दे. ही तुझ्याकडे बघणार नाही, तरी हिला तू कुठे आहेस ते माहीत असतं, घाबरू नकोस. तू पुढे जा, बिनधास्त जा, मागे ही असते. ही चिडली की बोलत नाही, तेव्हा हिला काहीतरी खायला दे. स्पृहा बाजूला बसून स्वतःबद्दल हे सगळं ऐकत होती, तापाच्या पेशंटसारखी. आरोही प्रत्येक गोष्टीला "हो, चालेल" म्हणत होती.

"आता ओरडून दाखव," चैत्राली म्हणाली.

"म्हणजे?"

"तुला पक पाहिजे. ओरड."

मग आरोही म्हणाली, "स्पृहा, मला देतेस का प्लीज?"

"एवढं बोलेपर्यंत गोल होतो गं बाई. एकच शब्द. जोरात."

आरोहीने ओरडून बघितलं. चैत्राली म्हणाली, अजून. तिने अजून जोरात ओरडलं. अजून. पुण्यात रविवारी दुपारी कुठल्या तरी घरात ती मुलगी किंचाळली, आणि मागून एका बाईचा घाबरलेला आवाज आला, काय झालं, काय झालं, पाल आली का. आरोही हसायला लागली, स्पृहा हसायला लागली. चैत्रालीने हेल्मेट काढलं, नाक बाहीला पुसलं, आणि तीही हसत होती, डोळे लालभडक.

"बरी आहे," तिने मॅडमना फोन परत करत सांगितलं. "शिकेल."

मी अजून तशीच उभी होते. ओठ आत, गाल दुखायला लागलेले, श्वास नाकातून. शेवंतामावशींनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांचे डोळे ओले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. पदराने पुसले आणि कमरेवर हात ठेवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बाजारात शिळा मासा ओळखतात तसं.

"हास गो बाय," त्या म्हणाल्या. "तुजी पोर जिंकली. मी रडतंय ते माजं मी रडंन. पन तू हास, नायतर फुटशील."

मी तोंडावर हात घेतला, पण उपयोग झाला नाही. ते हसू असं बाहेर आलं की मला पायरीवर बसावं लागलं, आणि मावशी माझ्या शेजारी बसून डोळे पुसत पुसत मला पाणी देत होत्या.